सहा दिवसांचा मालक

"पहिली… पहिली… दुसरी… पहिली… तिसरी, बाजूला घे तिला."

हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. बाबांचा जेवणाचा डबा घेऊन मी गिरणीच्या दारात उभी होते. रंधायंत्राच्या घरघरीतून तो आवाज पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडासारखा वर यायचा. मेपलच्या फळ्या एकामागून एक सरकत येत, आणि वायनो हाउताला प्रत्येकीवरून तळहात फिरवून तिची जात सांगत असे. डोळ्यांनी तो फार कमी बघायचा. बाबा म्हणत, वायनोच्या हाताला डोळे आहेत. त्याने 'पहिली' म्हटलेली फळी शाळेच्या खेळघरात जायची, तिच्यावर पोरं चेंडू आपटत धावायची. 'तिसरी' कुणाच्या तरी माळ्यावर निजायची.

बाबा गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. गिरणीच्या कचेरीतली नोकरी मला वायनोकाकांच्या शब्दावर मिळाली. "एर्कीची पोर आहे, पहिल्या प्रतीची," एवढंच ते मालकांना म्हणाले होते. पुढे म्हातारे मालक थकले. मूलबाळ नव्हतं. शिकागोचे लोक गिरणी विकत घ्यायला आले, तर त्यांनी त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं आणि गिरणी कामगारांनाच दिली.

दिली म्हणजे अशी. कामगारांच्या म्हातारपणासाठी एक ट्रस्ट काढला आणि गिरणीचे सगळे शेअर त्याच्या पोटात ठेवले. छोट्या कंपन्यांसाठी आमच्या सरकारचा एक नियम आहे. कंपनीने पत्करलं, तर नफ्यावरचा कर ती भरत नाही; मालक आपापल्या वाट्याचा भरतात. आमचा मालक म्हणजे कामगारांच्या निवृत्तीचा ट्रस्ट, आणि अशा ट्रस्टला त्या नफ्यावर कर नाही. जे एरवी सरकारात गेलं असतं ते गिरणीतच राहायचं, नव्या करवती व्हायचं, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याला पुरायचं. आमच्या इथे, सुपीरियर सरोवराच्या या काठाला, सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा बर्फाची वाट बघण्यात. तिथे एवढा आधार थोडा नव्हे.

पण या सुखाला एक काटा होता. अशा कंपनीचा शेअर कुणा एका माणसाच्या खासगी निवृत्तीखात्यात राहता कामा नये. राहिला की सवलत संपली, सगळ्या गिरणीची संपली. निवृत्त होणाऱ्याचे शेअर ट्रस्टमधून निघून बँकेतल्या त्याच्या खात्यात जात, आणि गिरणीने ते त्याच दिवशी परत विकत घ्यायचे. सरकारची मुभा तेवढ्या एका दिवसाची. बाकीच्या कंपन्या हे कॉम्प्युटरवरच उरकतात. आमच्याकडे म्हाताऱ्या मालकांनी वेगळी रीत घालून दिली होती. "माणूस जन्मभर मालक म्हणवून घेतो," ते म्हणायचे, "एकदा तरी त्याच्या हातात कागद द्या."

म्हणून निवृत्तीच्या दिवशी मी जाड पिवळसर कागदावर शेअरचा दाखला छापायची. दुपारी सगळे जमायचे. वेलदोड्याचा गोड पाव कापला जायचा, खडीसाखरेसारखा साखरेचा खडा दातात धरून बशीतून कॉफी प्यायली जायची. त्या माणसाने कागद उंच धरायचा, फोटो काढायचा, मग मागच्या बाजूला सही करून तो मला परत द्यायचा. मी तसं बँकेला कळवायची, पैसे खात्यात जमा व्हायचे. तासाभराची मालकी. तेवढ्यासाठी लोक नवा सदरा घालून येत.

वायनोकाकांचा दिवस ठरला चौदा नोव्हेंबर, मंगळवार.

आमच्याकडल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो कपाळावर हात मारून घेईल. पंधरा नोव्हेंबरला हरणाची शिकार सुरू होते. शाळा बंद, गिरणी बंद, पाद्रीसुद्धा बंदूक पुसत बसलेला. चौदाच्या दुपारी गाव रिकामं व्हायला लागतं आणि रविवारपर्यंत भरत नाही. पण काकांनी त्याच तारखेला पंचेचाळीस वर्षांपूर्वी कामाला सुरुवात केली होती. त्यांना दिवसाला दिवस जुळवायचा होता. मॅनेजर ग्लेन पेल्टोला म्हणाला, "जुळवू दे गं म्हाताऱ्याला. कागदाचंच तर काम आहे."

त्या दिवशी बारालाच पाव कापला. सगळ्यांचे डोळे घड्याळावर. फोटो झाला आणि माणसं पाखरांसारखी उडाली. काका मात्र कागद धरून तसेच उभे.

"साइमा, एक मागू?"

"मागा ना काका."

"हा थोडा वेळ नेऊ का? ऊर्होला दाखवून आणतो."

ऊर्हो त्यांचा थोरला भाऊ, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. एकेकाळचा कडवा युनियनवाला. गिरणी कामगारांची झाली तेव्हा तो भर चहाटपरीवर, म्हणजे आमच्या कॉफीच्या हॉटेलात, म्हणाला होता, "वायनो, तू झाडाच्या सावलीचा मालक. झाड बँकेचं, सावली तुझी, आणि ऊन उतरलं की तीही गेली." वीस वर्षं हे वाक्य काकांच्या अंगात कुसळासारखं होतं.

"न्या," मी म्हटलं. "पण तीनच्या आत आणा. आजच्या आजच परत घ्यावा लागतो."

"तीन," ते म्हणाले, आणि कागद पिवळ्या लिफाफ्यात घालून, लिफाफा कोटाच्या आत छातीशी धरून निघाले.

मी थांबले. गिरणीत चिटपाखरू नव्हतं. लाकूड सुकवायच्या भट्टीचे पंखे बंद झाले की आतल्या फळ्या टकटक वाजतात, तेवढाच आवाज. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली. रानातलं आमचं खोपटं दीड तासाच्या वाटेवर. बहीण आणि तिची मुलं सकाळीच पोचली होती. उजेडात पोचले तर सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवता येईल, नाहीतर गार खोलीत कुडकुडत निजायचं. अडीच वाजले. म्हटलं, म्हातारा माणूस भावापाशी रमला असेल, आज काही येत नाही. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच करू. दाराला कुलूप लावलं, गावात जाऊन सॉसेज आणि कॉफी घेतली आणि रानाची वाट धरली.

सोमवारी वीस तारखेला मी आले तेव्हा काका दारातच उभे होते, लिफाफा हातात. डोळे आत गेलेले. मी त्यांच्याकडून सही घेतली, पैसे पाठवले, कागदावर 'परत घेतला' असा शिक्का मारला. शिक्क्याची तारीख वीस पडली. सहा दिवस तो शेअर जिथे एक रात्र राहू नये तिथे राहिला होता. मला ठाऊक होतं. पण कुणी बघत नव्हतं, आणि जे कुणी बघत नाही ते घडलंच नाही असं वाटायला फार दिवस लागत नाहीत.

माझी आजी मागावर चिंध्यांचे गालिचे विणायची आणि धोट्याच्या ठेक्यावर काहीबाही गुणगुणायची. तिची एक ओळ अशी होती:

बोललेलं बाई, पान होऊन उडालं,
गिळलेलं पोटामंदी, दगूड होऊन वाढलं.

मी दोन वर्षं तो दगूड वागवला, आणि खरं सांगायचं तर तो फारसा टोचलाही नाही.

मग गिरणीला नवी भट्टी घ्यायची ठरली. कर्ज देण्याआधी सगळे कागद तपासायला मिलवॉकीहून वकील आल्या, थेरेसा ब्रँट. बारीक चणीच्या, सतत लवंग चघळणाऱ्या. तीन दिवस त्या कपाटं उपसत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला आणि ग्लेनला बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले होते.

"या गृहस्थांच्या खात्यात शेअर गेला चौदा नोव्हेंबरला. परत आला वीसला," त्या म्हणाल्या. "मधले दिवस कुठे होता?"

ग्लेन माझ्याकडे बघायला लागला.

"शिकारीचा आठवडा होता," मी म्हटलं.

"आयकर खात्याच्या पंचांगात शिकारीचा आठवडा नाही, बाई." त्यांचा आवाज कडक नव्हता, तेच वाईट होतं. "चौदा नोव्हेंबरपासून तुमची सवलत संपली आहे. गेली दोन वर्षं ही गिरणी साधी कंपनी आहे आणि तिने कर भरलेला नाही. तो आज व्याजासकट भरायचा म्हटलं तर भट्टी विसरा. पेन्शनसुद्धा सगळ्यांना पुरेल की नाही, सांगता येत नाही."

ग्लेनने दोन्ही कागद आपल्याकडे ओढले. "उपाय?"

"एक आहे. सरकारला विनंती करायची की हे चुकून झालं, सवलत तुटली नाही असं धरा. सरकार पुष्कळदा ऐकतं. पण चूक कशी झाली ते शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि त्या काळात जो जो मालक होता त्याने सही करावी लागते." त्यांनी वही उघडली. "तर कशी झाली?"

त्या खोलीत भिंतीला बाबांचा फोटो होता, त्यांच्या निवृत्तीचा नव्हे, ते तेवढे जगलेच नाहीत; लाकडाच्या ढिगावर बसल्याचा. मी त्या फोटोकडे बघत म्हणाले, "कागद उशिरा आला."

तीन शब्द. तिन्ही खरे.

खेडेगावात शब्दाला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठवडाभरात सगळ्यांना कळलं की वायनो हाउतालाने कागद घरी नेऊन ठेवला, देईचना, त्यापायी गिरणी बुडते आहे. कॉफीच्या हॉटेलात काका शिरले की भट्टीवरचा डेनी उठून खुर्ची पुसायचा.

"या मालक, बसा. सहा दिवसांचे का होईना, मालक ते मालक."

"डेनी, गप रे."

"का? मी तर मान देतोय. यांच्या सहा दिवसांत माझी सहा वर्षं गेली बघ."

काका कॉफी अर्धी टाकून निघून जात. मग यायचेच थांबले. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागले. त्यांच्या बायकोला जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि ऊर्हो काकांच्या निवृत्तीच्याच हिवाळ्यात गेला होता. घरात बोलायला होतं ते घड्याळ.

एका शनिवारी ते माझ्या दारी आले. हातात फडक्यात गुंडाळलेला पाव, स्वतः भाजलेला, एका बाजूने करपलेला. मी कॉफी ओतली. काकांनी बशीत ओतून घेतली खरी, पण बशी तोंडापर्यंत नेईनात.

"साइमा, तुला एक विचारायचंय. त्या दिवशीचं."

"विचारा."

"तो ऊर्हो कागद सोडेना गं." त्यांनी टेबलावरून तळहात फिरवला, फळीवरून फिरवावा तसा. "चष्मा लावून त्याने तीनदा वाचला. माझं नाव बोटाने चाचपलं. मग नर्सला हाक मारून म्हणाला, 'हे बघ, ही माझ्या भावाची गिरणी.' वीस वर्षांत पहिल्यांदा. आता त्याच्या हातातून मी कसा ओढून घेऊ? म्हटलं, दोन मिनिटं, अजून दोन मिनिटं. मी कचेरीपाशी पोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झालेली. कुलूप होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तीनपर्यंत थांबली होतीस ना?"

कॉफीवर साय धरत होती. मी चमच्याने ती बाजूला केली.

"हो काका," मी म्हटलं. "थांबले होते."

त्यांनी मान हलवली, कुणी वजन नीट सांगितल्यावर हलवतात तशी. "मला वाटलंच. तू कशाला आधी जाशील. म्हणजे माझीच वीस मिनिटं." बशी तशीच ठेवून ते उठले. दारात वळून म्हणाले, "पाव आतून चांगला आहे. करपलेलं काढून टाक."

त्यानंतर मी जेवत होते, झोपत होते, गालिचे झटकत होते. पण जे करीन ते दुसऱ्याच कुणाच्या अंगाने केल्यासारखं. नोकरी गेली तर काय, हे भय होतंच. मी बावन्न वर्षांची, गिरणीखेरीज काही ठाऊक नाही. पण भयाहून वाईट एक गोष्ट होती. त्या तीन शब्दांवर काकांनी स्वतःच स्वतःचा गुन्हा बांधला होता, आणि मी त्यांना खिळे पुरवत होते.

मार्चमध्ये सह्यांची सभा ठेवली. चर्चच्या तळघरात, कारण गिरणीच्या जेवणघरात एवढी माणसं मावत नव्हती. लांब टेबलं, कागदाचे पेले, ओल्या लोकरीचा वास. ब्रँटबाईंनी विनंतीचा मसुदा वाचून दाखवला. त्यात होतं: 'कचेरी ठरल्या वेळेपर्यंत उघडी होती. निवृत्त कामगार ठरल्या वेळेत कागद घेऊन आले नाहीत.'

"हाउतालाकाका," त्या म्हणाल्या, "त्या सहा दिवसांचे मालक म्हणून तुमची सही लागेल. त्या दिवसांतला तुमच्या वाट्याचा नफा तुमचा धरून त्यावर कर भरावा लागेल. फार नाही. आणि हे वर्णन खरं आहे, असं शपथेवर."

डेनीने मागून खोकला काढला. "मालकांना कर भरावा लागला म्हणायचा."

कुणी हसलं नाही. काका उठले. नवा सदरा घातला होता, निवृत्तीच्या दिवसाचा. टोपी दोन्ही हातांत.

"सही करतो," ते म्हणाले. "पण तेवढ्याने भागत नाही. माझ्या खात्यातले पैसे आहेत, ते गिरणीने परत घ्यावेत. आणि नदीकाठची चाळीस एकर राई, मेपलच आहे सगळी. मी लिहून देतो. सरकारने नाही ऐकलं तर उपयोगी पडेल, ऐकलं तर भट्टीला लावा. घर तेवढं माझ्यामागे घ्या."

"वायनो, असं काही नको," ग्लेन म्हणाला, पण हळू आवाजात.

"का नको?" कुणीतरी म्हणालं. कोण ते मी बघितलं नाही. "देतोय तर घेऊ या. आमच्या पोरांच्या तोंडचं गेलंय."

एक कुजबूज टेबलावरून टेबलावर गेली, आणि तीत 'नको' फार थोडे होते. काका उभेच. ब्रँटबाईंनी मसुदा त्यांच्यापुढे सरकवला, पेन दिलं. त्यांना चष्मा सापडेना. एक खिसा, दुसरा खिसा. शेवटी ते म्हणाले, "वाचायचं काय, साइमाला ठाऊक आहे सगळं," आणि पेन कागदावर टेकवलं.

"सही करू नका," मी म्हटलं.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. सगळ्यांची तोंडं वळली.

"त्यात लिहिलंय ते खोटं आहे. कचेरी उघडी नव्हती. मी अडीचलाच कुलूप लावून गेले."

"साइमा," ग्लेन म्हणाला, "खाली बस. तुझी तब्येत…"

"माझी तब्येत ठीक आहे. कागद उशिरा आला असं मी सांगितलं, ते तेवढंच सांगितलं. काका माझ्या घरी विचारायला आले, तेव्हा मी त्यांना तोंडावर खोटं सांगितलं."

ब्रँटबाईंनी पेन काकांच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि टोपण लावलं. डेनी आपल्या पेल्यात बघत होता. वर पायऱ्यांवर कुणाचे तरी बूट वाजले आणि थांबले.

काकांनी टोपी टेबलावर ठेवली. ते रागावले नव्हते. ते हिशेब लावत होते. दोन वर्षं ज्या एका गणितावर ते जगले होते, ते पहिल्यापासून परत मांडत होते.

"म्हणजे मी तीनला आलो असतो तरी…"

"तरी दार बंदच असतं."

"ऊर्होकडून मी कागद ओढून घेतला असता तरी?"

"तरीही."

त्यांनी एक लांब श्वास घेतला, आणि मला वाटलं, झालं, आता बसता येईल. मी खुर्ची ओढलीसुद्धा. सगळ्यांना हवं होतं तेवढं मी सांगितलं होतं. नोकरी जायची तर तेवढ्याने गेलीच होती. वकिलीणबाईंच्या कागदाला याहून जास्त लागत नव्हतं. पण ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, माया अजून तशीच, उलट थोडी वाढलेलीच. आणि ती मला खाली बसू देईना.

"पोर होतीस घाईत," ते म्हणाले. "बर्फ होतं. तुला काय ठाऊक, म्हातारा येतोय की नाही."

"ठाऊक होतं, काका," मी म्हटलं. "मी गावातून सामान घेऊन परत गिरणीवरूनच गेले. रानाचा रस्ता तिथूनच जातो. तीन वाजून गेले होते. तुम्ही कचेरीच्या दारात उभे होता, लिफाफा छातीशी धरून, आणि दार ठोठावत होता. मी तुम्हाला पाहिलं. थांबले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. मी पाहिलं, आणि गाडी हळूसुद्धा केली नाही."